वाळूमाशी पाळायची कशी? आणि मनुक्याचा त्यात काय संबंध?

वाळूमाशीवर काम करते असं सांगितलं की समोरचा बहुतेक वेळा विचारतो, "म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर जावं लागतं का?" नाही. नावातली वाळू तिच्या रंगामुळे आली आहे. सँडफ्लाय किनाऱ्यापेक्षा गोठ्यात, शेणामातीच्या भिंतीच्या भेगेत, उंदराच्या बिळात सापडण्याची शक्यता जास्त. लांबी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. बसली की पंख इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे वर उभे ठेवते, आणि हुसकावली तर सरळ उडून न जाता टुणटुण उड्या मारत भिंतीवर जरा पुढे जाऊन बसते. डासासारखा आवाज नाही. नेहमीच्या मच्छरदाणीच्या भोकातून सहज आत येते. चावते फक्त मादी, कारण अंडी तयार व्हायला तिला रक्त लागतं.

या माशीबद्दल लिहायचं कारण असं की, तुमच्यापैकी काही जण कीटकजन्य रोगांवर पीएच.डी. करायच्या विचारात आहेत आणि मला विचारतात, "लॅबमध्ये नक्की काय करतेस?" खरं उत्तर ऐकून त्यांचा हिरमोड होतो. मी बहुतेक वेळ माश्या पाळते. शोधनिबंधातल्या 'पद्धती' या भागात त्याबद्दल एकच ओळ असते: प्रयोगासाठी आमच्या कॉलनीतल्या तीन ते पाच दिवसांच्या माद्या वापरल्या. वाचताना आपण ही ओळ ओलांडून पुढे जातो. पण प्रयोग फसतो किंवा साधतो तो पुष्कळदा त्याच ओळीत. हे पटवायला मनुक्याची गोष्ट सांगणार आहे, पण आधी कॉलनी लागतेच कशाला ते बघू.

गोठ्यातून पकडून आणलेल्या माशीचा भूतकाळ तुम्हाला माहीत नसतो. तिचं वय किती, आधी कोणाला चावली, पोटात आधीच कुठला परोपजीवी किंवा विषाणू आहे का, काहीच सांगता येत नाही. शिवाय तिच्या अळ्या निसर्गात शोधणं भयंकर अवघड. डासाच्या अळ्या पाण्यात वळवळताना दिसतात. वाळूमाशीच्या अळ्या मात्र ओलसर, कुजक्या सेंद्रिय मातीत विखुरलेल्या असतात, आणि कित्येक किलो माती चाळून हाती मोजक्याच लागतात. त्यामुळे अंडी, अळी, कोष या अवस्थांबद्दल आज जे काही माहीत आहे, त्यातलं बरंचसं कॉलन्यांमधून आलेलं आहे.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. गावाचंच नाव त्याला मिळालं. पुढे औरंगाबादमध्ये, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरमध्ये, पकडलेल्या वाळूमाश्यांतही तो मिळाला. ते काम १९७० मध्ये प्रसिद्ध झालं. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात लहान मुलांमधल्या मेंदूज्वराच्या साथीत हाच विषाणू होता, आणि २०२४ मध्ये गुजरातमध्ये तो पुन्हा आला. मग मधल्या काळात, साथ नसताना, हा विषाणू राहतो कुठे? एक शक्यता अशी की माशी आपल्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीला देत असेल. पण हे सिद्ध करायचं तर मादी आधी निरोगी होती याची खात्री हवी, तिला विषाणू कधी दिला ते माहीत हवं, आणि पिल्लांना तो दुसरीकडून मिळालेला नाही हेही दाखवता यायला हवं. गोठ्यातल्या माशीवर हे जमत नाही. टेश आणि मोदी या संशोधकांनी १९८३ मध्ये 'फ्लेबोटोमस पपातासी' या जातीच्या प्रयोगशाळेतल्या माश्यांवर ते दाखवलं: विषाणू खरोखरच अंड्यांतून पुढे जातो. २००५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी त्याच जातीत आणखी एक गोष्ट दाखवली. बाधित नराकडून समागमातून विषाणू मादीत जातो. नर तर रक्त पीतच नाही! पाळलेल्या माश्या नसत्या तर हा प्रश्न नीट विचारतासुद्धा आला नसता.

आता मनुका.

काळा आजार, म्हणजे कालाजार, लिश्मानिया डोनोव्हानी या परोपजीवीमुळे होतो हे १९०३ पासून माहीत होतं. तो पसरवतं कोण, हे मात्र कळत नव्हतं. ढेकणांपासून सगळ्यांवर संशय घेऊन झाला. १९२४ मध्ये कलकत्त्यात नोल्स, नेपियर आणि स्मिथ यांनी 'फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस' या वाळूमाशीला काळ्या आजाराच्या रुग्णाचं रक्त पाजलं आणि तिच्या आतड्यात परोपजीवीची शेपटीवाली, वाढणारी रूपं पाहिली. साधारण त्याच सुमारास सिंटन यांनी दाखवलं की ही माशी जिथे आढळते त्या भागांशी काळ्या आजाराचा नकाशा जुळतो. म्हणजे गुन्हेगार जवळजवळ सापडला होता. उरलं होतं एवढंच की माशीने चावून रोग दिला हे दाखवायचं.

त्यात पंधराहून जास्त वर्षं गेली. बाधित माश्या चावायच्या, आजार काही व्हायचा नाही. एखाद-दुसरं यश मिळालं तरी ते पुन्हा हमखास मिळेना. शंका घेणाऱ्यांना वाव होता.

अडचण विज्ञानाच्या मोठ्या सिद्धांतात नव्हती, ती माशीच्या ताटात होती. बाधित रक्त पाजल्यावर माशीला पुढचे दिवस जगवायचं, तर तिला पुन्हा रक्त द्यायचं असा प्रघात होता. १९४० च्या सुमारास स्मिथ, हलदर आणि अहमद यांनी ते बदललं. पहिल्या रक्तानंतर त्यांनी माश्यांना मनुके दिले. फळाचा गोड रस. बस्स एवढंच. माश्यांच्या आतड्यात परोपजीवींची वाढ दणक्यात झाली, ते पुढे तोंडाच्या बाजूला सरकले आणि अन्ननलिकेचा पुढचा भाग अक्षरशः तुंबला. या तंत्राचा आधार घेऊन आसाममध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी माशीच्या चाव्यातून माणसाला काळा आजार होतो हे स्वयंसेवकांवर दाखवलं. ते १९४२ मध्ये प्रसिद्ध झालं. (आजच्या नैतिकतेच्या चौकटीत तो प्रयोग तसाच करता येणार नाही, हे वेगळं सांगायला नको.)

निसर्गात वाळूमाशी, नर असो वा मादी, झाडांचा रस आणि इतर गोड द्रव पितेच. प्रयोगशाळेने तिला तिच्या रोजच्या जेवणापासून तोडलं होतं आणि मग विचारत होती की परोपजीवी वाढत का नाही. या गोष्टीला अलीकडे एक शेपूट जोडलं गेलंय. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या गटाने 'नेचर मायक्रोबायॉलॉजी'त दाखवलं की आधीच बाधित असलेल्या माशीने दुसऱ्यांदा, निरोगी प्राण्याचं रक्त प्यायलं, तर तयार झालेले परोपजीवी पुन्हा विभाजित होऊ लागतात आणि माशी आणखी घातक होते. निसर्गात माशी दोन्ही करते, रसही पिते आणि पुन्हा रक्तही. तुमच्या पिंजऱ्यात ती काय करते हे मात्र तुम्ही ठरवता.

तर पाळायचं कसं? सुरुवात रानातल्या माद्यांपासून होते. टॉर्च आणि तोंडाने ओढायचा ॲस्पिरेटर घेऊन पहाटे गोठ्याच्या भिंती धुंडाळायच्या, किंवा रात्री प्रकाश-सापळा लावायचा. पोट भरलेली मादी मिळाली तर उत्तम. प्रत्येकीला स्वतंत्र छोट्या डबीत ठेवायचं, कारण जिवंतपणी जात खात्रीने ओळखता येत नाही. अंडी घालून ती मेली की तिचं डोकं आणि पोटाचं टोक काचपट्टीवर घेऊन घसा आणि शुक्रपेशी साठवायची पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, मग जात ठरते. त्यानंतरच एका जातीच्या पिल्लांना एकत्र करायचं. हा कंटाळा केला तर सहा महिन्यांनी कळतं की आपण दोन जातींची खिचडी पाळतोय.

डबी प्लॅस्टिकची, तळाला भोकं, आणि तळावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा थर. डबी ओल्या वाळूवर ठेवली की प्लॅस्टर खालून पाणी शोषतं आणि आत दमटपणा राहतो. तापमान साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस, आर्द्रता ७० ते ९० टक्के. अंडी घालतानाच पांढुरकी असतात, काही तासांत काळपट तपकिरी होतात. आठवडा-दहा दिवसांत अळ्या निघतात. चार टप्प्यांत वाढतात, त्याला तीनेक आठवडे, मग कोष, आणखी आठवडा-दीड आठवडा. रक्त पिण्यापासून पुढच्या पिढीच्या माशीपर्यंत सहा-सात आठवडे धरा. अळीच्या मागच्या टोकाला लांब काळे केस असतात. पहिल्या टप्प्यात दोन, पुढे चार. टप्पा ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

आणि खुराक? सशाच्या लेंड्या आणि सशाचं खाद्य समप्रमाणात घेऊन ओलं करायचं, काही आठवडे कुजू द्यायचं, बुरशी येऊन ओसरू द्यायची, मग वाळवून, दळून, चाळून बारीक पूड करायची. पीएच.डी.च्या पहिल्या महिन्यात मी ही पूड चाळत होते आणि घरचे नातेवाइकांना सांगत होते की पोरगी संशोधन करते. दोन्ही खरंच होतं.

प्रौढ माश्यांना बारीक जाळीच्या पिंजऱ्यात कापसाच्या बोळ्यावर साखरपाणी ठेवायचं. मनुक्याचीच परंपरा. रक्तासाठी दोन वाटा. भूल दिलेला उंदीर किंवा हॅमस्टर, ज्यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी लागते. या परवानगीला लागणारा वेळ तुमच्या वेळापत्रकात धरून ठेवा. नाहीतर कृत्रिम फीडर: काचेचं भांडं, त्याभोवती ३७ अंशांचं कोमट पाणी फिरतं, आणि तळाला कोंबडीच्या पिल्लाची पातळ कातडी ताणून लावलेली. माशी या कातडीतून रक्त पिते. बाधित रक्त पाजायचं असेल तेव्हा हीच वाट. सगळ्याच माद्या पीत नाहीत. काही नुसत्या बसून राहतात आणि तुमच्याकडे बघतात.

माझी एक पूर्ण पिढी कशी गेली ते सांगते. गौरी-गणपतीच्या सुट्टीआधी डब्यांचं प्लॅस्टर मला जरा कोरडं वाटलं. चार दिवस कोणी नसेल म्हणून मी सगळ्या डब्यांना थोडं जास्त पाणी दिलं, खुराकही थोडा जास्त टाकला. अळ्या तेव्हा नुकत्याच निघाल्या होत्या. परत आले तर डब्यांत पांढरा कापूस भरल्यासारखी बुरशी. पहिल्या टप्प्यातली अळी इतकी नाजूक असते की बुरशीच्या तंतूंत अडकली की सुटत नाही. मी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते, त्या जाळ्यात अडकलेल्या दिसत होत्या, एकामागून एक. सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "सगळ्या डब्या एकाच दिवशीच्या होत्या का?" होत्या. तिथे माझी खरी चूक होती. पाणी जास्त होणं कोणाकडूनही होतं, पण सगळी कॉलनी एकाच वयाची, एकाच इन्क्युबेटरमध्ये आणि एकाच हाताखाली ठेवली, तर एक चूक सगळं घेऊन जाते. आता मी दर आठवड्याला थोड्या-थोड्या माद्यांना रक्त देते आणि डब्या दोन ठिकाणी ठेवते. पाणी द्यायचं का ते डबी हातात घेऊन वजनावरून ठरवते, नुसत्या डोळ्यांवर नाही. बुरशीशिवाय माइट आहेत, माशीच्या आतड्यात राहणारे ग्रेगॅरीन नावाचे एकपेशीय परोपजीवी आहेत. ते कॉलनीत शिरले की अंड्यांबरोबर पुढच्या पिढीत जातात आणि काढून टाकणं जिकिरीचं होतं.

एक साधं गणित करून बघा, मी सुरुवातीला केलं नव्हतं. समजा १०० माद्यांना रक्त दिलं, ६० नीट प्यायल्या, अंडी घालेपर्यंत ४० जगल्या. प्रत्येकीची ४० अंडी धरली तर १,६००. निम्मी जगून मोठी झाली तर ८०० माश्या, म्हणजे ४०० माद्या. कागदावर एका पिढीत चौपट. आता अळ्यांची मर वाढली आणि अंड्यांपैकी आठवा हिस्साच मोठा झाला असं धरा: २०० माश्या, १०० माद्या. दोन महिने काम करून तुम्ही निघालात तिथेच उभे. आणि या शंभर माद्या प्रयोगात वापरल्या तर पुढची पिढी कोण देणार? प्रयोगाला बाधित रक्त पाजल्यावर परोपजीवी तयार व्हायला आणखी एक-दोन आठवडे लागतात, आणि पुष्कळ माद्या मधेच अंडी घालताना मरतात. फेलोशिपचं घड्याळ मात्र चालूच असतं. प्रस्तावात 'तीन वेळा पुनरावृत्ती' असं लिहिताना हे गणित समोर ठेवा.

बरं, इतकं करून कॉलनी टिकली तरी तिचं सगळं खरं मानायचं नाही. आमच्या पिंजऱ्यात ज्या माश्या आहेत त्या डबीत जगू शकणाऱ्यांच्या नातवंडा-पतवंडा आहेत. ज्यांना डबी मानवली नाही त्या पहिल्या तीन-चार पिढ्यांतच गळल्या. जातीचाही प्रश्न आहे. पपातासी पाळायला सोपी, म्हणून बऱ्याच प्रयोगशाळांत तीच असते. पण तिच्या आतड्यात नैसर्गिकरीत्या टिकतो तो लिश्मानिया मेजर, त्वचेवर व्रण करणारा. त्याच्या पृष्ठभागावरची साखर तिच्या आतड्याच्या अस्तराला चिकटते, म्हणून पचलेलं रक्त बाहेर टाकताना तो वाहून जात नाही. काळ्या आजाराचा डोनोव्हानी तिच्यात टिकत नाही. 'माझ्या माश्यांत संसर्ग होत नाही' असं लिहिण्याआधी माशी कोणती, हे बघायला हवं.

दुसऱ्या बाजूने, कॉलनी नसेल तर फसवणूक आणखी मोठी होते. लशींचे प्रयोग वर्षानुवर्षं सुईने परोपजीवी टोचून होत. २००९ मध्ये पीटर्स आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की मृत परोपजीवींची एक लस सुईने दिलेल्या संसर्गापासून वाचवत होती, पण बाधित माशी चावली की निकामी ठरत होती. चाव्याबरोबर माशीची लाळ आत जाते, त्वचेला जखम होते, तिथे पांढऱ्या पेशींची धावपळ सुरू होते. सुईत यातलं काही नाही. पाळलेल्या माश्यांशिवाय ही लस कदाचित यशस्वी म्हणून पुढे गेली असती.

आणि फवारणी. बिहारमध्ये काळ्या आजारासाठी घराघरांत दशकानुदशकं डीडीटी फवारलं गेलं. अर्जेंटिपेस त्याला दाद देत नाही असं आढळल्यावर २०१५ च्या सुमारास कृत्रिम पायरेथ्रॉइडकडे वळावं लागलं. माशी औषधाला दाद देत नाही, हे ठरवायला आधी दाद देणारी माशी कशी मरते, किती वेळात मरते, हे माहीत हवं. जिने कधी कीटकनाशक पाहिलेलंच नाही अशी माशी गावात मिळत नाही, ती एखाद्या इन्क्युबेटरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पाळावी लागते. तिच्यावर मोजलेली मात्रा हा मापदंड. तो चुकला तर मातीच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाच्या भिंतीवर निरुपयोगी औषध मारलं जातं आणि कोणाला कळतही नाही.

म्हणून अशा लॅबमध्ये मुलाखतीला गेलात तर उपकरणांची यादी विचारण्याआधी कॉलनीबद्दल विचारा. कुठल्या गावातून आणली, कोणत्या साली, आता कितवी पिढी, बाहेरच्या माश्या मधे मिसळल्या होत्या का, आणि शेवटची मोठी मर कधी व कशाने झाली. शेवटच्या प्रश्नाला कोणी "आमच्याकडे कधीच नाही" असं उत्तर दिलं तर नोंदवही बघायला मागा. नोंदवही चांगली असेल तर तिच्यात बुरशीच्या तारखा सापडतीलच. माझ्या वहीत गौरी-गणपतीच्या आठवड्याचं पान लाल पेनाने भरलेलं आहे.